इंटरफेरॉन कुणाला लागू पडायचं, कुणाला नाही: यकृतातले रिसेप्टर आणि जुनाट हिपॅटायटिसचे उपचार

अनुस्वार

"यकृतात रिसेप्टर कमी असले की हिपॅटायटिसची औषधं लागूच पडत नाहीत," असं दुसऱ्या एका धाग्यावर वाचलं. तिथं उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की हा वेगळा धागा काढते आहे. हे वाक्य इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांच्या काळातून आलंय, आणि त्या काळात ते अगदीच निराधार नव्हतं. पण आज ते वाचून कुणी हिपॅटायटिस सी चा उपचार टाळला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझं बरंच काम यकृताच्या बायॉप्सींवर झालं आहे, तेव्हा माझा कल त्या बाजूला असणार हे गृहीत धरा.

इंटरफेरॉन म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर स्वतःच बनवतं ते संदेशवाहक प्रथिन; औषध म्हणून तेच इंजेक्शनानं देतात. यकृतपेशीच्या पृष्ठभागावर अल्फा इंटरफेरॉनचा संदेश पकडणारा रिसेप्टर म्हणजे दोन प्रथिनांची जोडी असते, आयएफएनएआर१ आणि आयएफएनएआर२. इंटरफेरॉन आधी दुसऱ्याला घट्ट चिकटतं आणि मग पहिलं जवळ ओढलं जातं. पेशीच्या आतल्या बाजूला या दोघांना एकेक एन्झाइम जोडलेलं असतं: टायक२ आणि जॅक१. ती शेजारी आली की चेततात, स्टॅट१ आणि स्टॅट२ या प्रथिनांवर फॉस्फेट चढवतात, आणि ही प्रथिनं केंद्रकात जाऊन शेकडो जनुकं चालू करतात. यापुढे त्यांना नुसतं 'इंटरफेरॉन-जनुकं' म्हणते. विषाणूचा आरएनए तोडायचा, त्याची प्रथिनं बनू द्यायची नाहीत, ही कामं त्या जनुकांची. इंटरफेरॉन स्वतः विषाणूला हातसुद्धा लावत नाही. सगळं पेशीकडून करून घ्यावं लागतं. या धाग्यातली बाकीची चर्चा या एका गोष्टीवर उभी आहे.

आता त्या काळातले आकडे. हिपॅटायटिस सी मध्ये नुसतं इंटरफेरॉन ४८ आठवडे दिलं तर कायमचे बरे होणारे जेमतेम १५ ते २० टक्के. रिबाव्हिरिनच्या गोळ्या जोडल्यावर ४० टक्क्यांच्या आसपास. २००१-०२ मध्ये आठवड्यातून एकदा घ्यायचं पेग-इंटरफेरॉन आलं, तरी जीनोटाइप १ मध्ये ४८ आठवड्यांनंतर निम्म्याहून थोडे कमीच बरे व्हायचे. जीनोटाइप २ आणि ३ मध्ये मात्र २४ आठवड्यांत ८० टक्क्यांपर्यंत. म्हणजे विषाणूच्या प्रकारानं बराच फरक पडत होता. पण जीनोटाइप तोच, डोस तोच, वयही सारखं, आणि तरी एक रुग्ण बरा होतो, दुसऱ्याचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) ढिम्म हलत नाही. हे का, याचं उत्तर विषाणूत सापडत नव्हतं. ते रुग्णाच्या यकृतात शोधायला हवं होतं.

पहिला संशय साहजिकच रिसेप्टरवर गेला. १९९० च्या दशकात, विशेषतः जपानमध्ये, उपचारापूर्वीच्या बायॉप्सीत या रिसेप्टरांचा एमआरएनए (प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून काढलेली नक्कल) मोजायचे अभ्यास झाले. ज्यांच्या यकृतात आयएफएनएआर२ जास्त, त्यांच्यात इंटरफेरॉनला प्रतिसाद चांगला, असं अनेकांत दिसलं. 'रिसेप्टर कमी म्हणून औषध लागू पडत नाही' ही समजूत तिथून निघाली.

त्या निष्कर्षांत तथ्य होतं, पण ते फार पुढं नेता येत नव्हते. अभ्यासांत रुग्ण थोडे असायचे. बायॉप्सीचा तुकडा म्हणजे यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग, तेवढ्यावरून सगळ्या यकृताविषयी बोलायचं. त्या तुकड्यात यकृतपेशींखेरीज लिम्फोसाइट असतात, कुप्फर पेशी असतात (दोन्ही रोगप्रतिकारक पेशी), आणि त्यांच्यावरही हाच रिसेप्टर असतो. सूज जास्त असलेल्या यकृतात लिम्फोसाइट जास्त, म्हणजे मोजलेला रिसेप्टर नक्की कुणाचा? शिवाय आयएफएनएआर२ ची रूपं तीन. त्यांपैकी पूर्ण लांबीचं एकच संदेश नीट आत पोचवतं, आणि एक रूप तर पेशी सोडून रक्तातच फिरतं. तिन्हींची बेरीज करून काढलेल्या आकड्याला फार अर्थ नाही. आणि शेवटी एमआरएनए म्हणजे प्रथिन नव्हे. पेशी रिसेप्टर बनवते, पृष्ठभागावर आणते, वापरून झाला की आत ओढून मोडून टाकते. एमआरएनए भरपूर आणि पृष्ठभागावर रिसेप्टर तुरळक, असं सहज होऊ शकतं.

मग कलाटणी मिळाली. २००५ साली टोरांटोच्या संशोधकांनी उपचारापूर्वीच्या बायॉप्सींमध्ये हजारो जनुकं एकदम तपासली आणि प्रतिसाद देणारे व न देणारे यांच्यात ठळक फरक असलेली १८ जनुकं निवडून काढली. त्यांतली बरीचशी इंटरफेरॉन-जनुकंच होती. आणि ती जास्त चालू होती ती प्रतिसाद न देणाऱ्यांमध्ये. औषधाचा एक थेंबही दिलेला नसताना! २००८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासलच्या गटानं आणखी अवघड काम केलं. त्याच रुग्णाची एक बायॉप्सी उपचाराआधी आणि दुसरी पहिल्या इंजेक्शननंतर चार तासांनी. ज्यांच्या यकृतात सगळं आधी शांत होतं, त्यांच्यात चार तासांत ही जनुकं जोरात चालू झाली आणि ते बरे व्हायच्या मार्गाला लागले. ज्यांच्यात ती आधीपासूनच चालू होती, त्यांच्यात इंजेक्शननं जवळजवळ काहीच बदललं नाही.

घंटा महिनोन्‌महिने वाजतच राहिली तर आणखी एक ठोका पडल्यानं कुणी मान वर करून बघत नाही, तसं हे.

यामागची यंत्रणाही पुढे बरीच उलगडली. इंटरफेरॉन-जनुकांपैकीच एक आहे यूएसपी१८. त्याचं प्रथिन थेट आयएफएनएआर२ च्या आतल्या टोकाला जाऊन बसतं आणि जॅक१ ला काम करू देत नाही. अतिरेक होऊ नये म्हणून शरीरानंच ठेवलेला हा ब्रेक आहे. जुनाट हिपॅटायटिस सी मध्ये तो कायमचा दाबलेला राहतो. म्हणजे रिसेप्टर जागेवर असतो, इंटरफेरॉन त्याला चिकटतं, पण संदेश आत जात नाही. रिसेप्टर किती आहेत एवढंच मोजणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

२००९ मध्ये रुग्णाच्या आयएल२८बी जनुकाजवळचा, याच प्रतिसादाशी जोडलेला, आरएस१२९७९८६० हा आनुवंशिक फरक सापडला. तो लिहायचा तर आणखी एक लेख होईल, कुणी विचारलं तर प्रतिसादात लिहीन.

---

रानवारा

अनुस्वार ताई, मनापासून धन्यवाद. माझ्या मोठ्या भावाला हिपॅटायटिस सी आहे. पेग-इंटरफेरॉन आणि रिबाव्हिरिन दोन्ही झालं त्याचं. ताप, केस गळणं, हिमोग्लोबिन खाली, आणि सर्वांत वाईट म्हणजे खचलेलं मन. बारा आठवड्यांच्या तपासणीत व्हायरल लोड पुरेसा उतरला नाही म्हणून उपचार थांबवला. "तुमच्या यकृतात रिसेप्टर नाहीत, तुम्हाला काहीच लागू पडणार नाही," असं त्याला सांगितलं गेलं. तेव्हापासून तो डॉक्टरांकडे गेलेला नाही. नव्या गोळ्यांबद्दल बोललो की म्हणतो, "माझं शरीरच तसलं आहे." तुमचा लेख त्याला वाचून दाखवू का? आणि नव्या गोळ्यांनाही हेच रिसेप्टर लागतात का?

---

अनुस्वार

रानवारा दादा, जरूर दाखवा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते एका शब्दाचं आहे: नाही.

सोफोसबुव्हिर, वेल्पाटासव्हिर, डॅक्लाटासव्हिर, ग्लेकाप्रेव्हिर ही सगळी औषधं थेट विषाणूच्या प्रथिनांवर बसतात. सोफोसबुव्हिर विषाणूच्या पॉलिमरेजला (त्याच्या आरएनएच्या नकला काढणाऱ्या एन्झाइमला) फसवतं आणि नवा आरएनए अर्धवट तुटतो. नावात शेवटी 'आसव्हिर' असलेली एनएस५ए या प्रथिनावर जातात, 'प्रेव्हिर' वाली विषाणूच्या प्रोटिएजवर (प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमवर). इंटरफेरॉनचा रिसेप्टर, जॅक, स्टॅट, यूएसपी१८, यांतलं काहीच वाटेत येत नाही. भावाच्या यकृतात इंटरफेरॉनचा संदेश पोचत असेल वा नसेल, या गोळ्यांचं त्याच्यावाचून अडत नाही.

हा नुसता तर्क नाही. आधीचा उपचार फसलेल्या रुग्णांवरच २०१४ मध्ये आयन-२ नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्ण जीनोटाइप १ चे, म्हणजे जुन्या काळातले सगळ्यांत चिवट. लेडिपासव्हिर आणि सोफोसबुव्हिर एका गोळीत, १२ आठवडे: ९४ टक्के बरे. २४ आठवडे: ९९ टक्के. आताच्या सर्व जीनोटाइपवर चालणाऱ्या जोड्यांनी बहुतेकांना ८ ते १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांहून जास्त यश मिळतं.

आणि भावाला हेही सांगा की "यकृतात रिसेप्टर नाहीत" हे वाक्य शब्दशः खरं असणं जवळपास अशक्य आहे. अल्फा इंटरफेरॉनचा रिसेप्टर शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीवर असतो. त्याला ताप आला, रक्तातल्या पेशी घटल्या, मन खचलं, हे सगळं त्या रिसेप्टरांमार्फतच झालं (हिमोग्लोबिन उतरण्यात मोठा वाटा रिबाव्हिरिनचा, ते तांबड्या पेशींत साठतं). औषध शरीरभर आपलं काम करत होतं. फक्त यकृत आधीच त्याच अवस्थेत अडकलेलं असल्यानं तिथं जास्तीचा फायदा झाला नाही. त्यात त्याच्या शरीराचं 'तसलं' काही नाही, आणि त्याच्याकडून काही राहून गेलं असंही नाही. त्यानं एक अतिशय कठीण उपचार सोसला, हे त्याला कुणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं होतं.

---

सप्तपर्णी

उत्तम धागा. मी यकृतविकारांची डॉक्टर आहे. वरच्या सगळ्याला दुजोरा, आणि रानवारांसाठी थोडी भर.

भावाला पुन्हा दाखवाल तेव्हा तीन गोष्टी आधी होतील. एचसीव्ही आरएनए, म्हणजे विषाणू आजही रक्तात आहे का ते. यकृत किती कडक झालंय त्याची तपासणी, जी आता बहुतेक ठिकाणी बायॉप्सीविना इलास्टोग्राफीनं (सोनोग्राफीसारख्या तपासणीनं) होते. आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी. ही तिसरी कृपा करून चुकवू नका. बी आणि सी दोन्ही असतील तर बऱ्याचदा सी चा विषाणू बी ला दाबून ठेवतो. गोळ्यांनी सी झपाट्यानं गेला की बी उसळी मारतो, आणि काही रुग्णांत यकृत निकामी होण्यापर्यंत वेळ आली आहे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं या सर्व औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला तो यासाठीच. आधी कळलं तर बी साठीची गोळी सोबत देऊन हे टाळता येतं.

चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या. हृदयाच्या ठोक्यांवरचं अमिओडारोन, फिट्सची काही औषधं, क्षयाचं रिफाम्पिसिन, यांचं या गोळ्यांशी जमत नाही. ॲसिडिटीच्या गोळ्यांनीसुद्धा काहींचं शोषण कमी होतं.

---

कुतूहल

वाचताना एक गाठ सुटत नाहीये. प्रतिसाद न देणाऱ्यांच्या यकृतात विषाणूविरोधी जनुकं आधीच जोरात चालू होती म्हणता. मग तिथं विषाणू टिकतोच कसा? शत्रूविरुद्धची फौज तैनात आणि शत्रू मजेत, हे कसं काय? आणि ते आयएल२८बी प्रकरणही लिहाच.

---

अनुस्वार

मलाही सगळ्यात जास्त याच प्रश्नानं पछाडलं आहे. तुकड्यातुकड्यानं उत्तर मिळतं, एका वाक्यात बसत नाही.

जनुक चालू आहे म्हणजे त्याचा एमआरएनए बनतोय. त्यापासून प्रथिन बनलं तर उपयोग. हिपॅटायटिस सी च्या आरएनएमुळे पेशीतलं पीकेआर नावाचं एन्झाइम चेततं आणि प्रथिनं बनवायची एकूण यंत्रणाच मंदावते, असं प्रयोगशाळेतल्या पेशींत दिसलं आहे. विषाणूला स्वतःला या मंदीचा त्रास नाही, कारण त्याचा आरएनए वेगळ्या पद्धतीनं रायबोसोमवर (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर) चढतो. नुकसान होतं ते पेशीच्या बचावाचं. शिवाय विषाणूचं एनएस३/४ए प्रोटिएज पेशीतलं मॅव्हस नावाचं प्रथिन कापतं. ते कापलं गेलं की संसर्ग झालेल्या पेशीला 'आत विषाणू आहे' याची वर्दी पुढे देता येत नाही. यावरून असं दिसतं की जनुकं चालू ठेवणारं इंटरफेरॉन बऱ्याच अंशी शेजारच्या इतर पेशींकडून येत असावं, आणि ज्या पेशीत विषाणू आहे तिथं बचाव लंगडा राहतो.

आता आयएल२८बी. २००९ मध्ये वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी पूर्ण जीनोम चाळून सांगितलं की १९ व्या गुणसूत्रावर, लॅम्डा इंटरफेरॉनच्या जनुकाजवळ, एका अक्षराचा फरक आहे. जनुकाच्या दोन्ही प्रतींत सी हे अक्षर (सीसी) असणाऱ्या युरोपीय वंशाच्या रुग्णांत पेग-इंटरफेरॉनचं यश टीटी असणाऱ्यांच्या साधारण दुप्पट. सी हे अक्षर पूर्व आशियात सर्वांत जास्त आढळतं, आफ्रिकी वंशाच्या लोकांत कमी. तेच औषध घेऊन आफ्रिकी-अमेरिकन रुग्णांत यश कमी का, याची दहा कारणं तोवर सांगितली जायची, त्यात "औषधं नीट घेत नाहीत" हेही असायचं. त्या फरकाचा जवळपास निम्मा भाग या एका अक्षरानं स्पष्ट झाला. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं, कारण रुग्णांवरचा एक अन्यायकारक आरोप त्यानं खोडला.

२०१३ मध्ये त्यामागचं खरं जनुक सापडलं: आयएफएनएल४. काही माणसांत हे जनुक धड प्रथिन बनवतं, काहींत एका छोट्या फरकामुळे बनवतच नाही. आणि ज्यांच्यात ते बनत नाही तेच लवकर बरे होतात! विषाणूविरोधी घराण्यातलं प्रथिन, आणि ते नसलेलं बरं. जुळवून पाहिलं तर आयएफएनएल४ बनवणाऱ्यांच्याच यकृतात इंटरफेरॉन-जनुकं आधीपासून चालू असण्याचं प्रमाण जास्त निघतं. २००५, २००८, २००९ आणि २०१३ चे हे शोध एकाच कथेचे भाग ठरले.

---

पायवाट

लॅम्डा इंटरफेरॉनचा रिसेप्टर वेगळा असतो ना? मग अल्फा चालत नाही तिथं लॅम्डा द्यायचं का सुचलं नाही कुणाला?

---

अनुस्वार

सुचलं, आणि त्यामागची कल्पना फार सुंदर होती. लॅम्डाचा रिसेप्टर म्हणजे आयएफएनएलआर१ आणि आयएल१०आरबी ही जोडी. आयएल१०आरबी सगळीकडे असतं, पण आयएफएनएलआर१ मुख्यतः श्वसनमार्ग, आतडी अशा आवरणाच्या पेशींवर आणि माणसाच्या यकृतपेशींवर. अस्थिमज्जेतल्या पेशींवर फारसं नाही. म्हणजे यकृतावर परिणाम आणि रक्तपेशींना धक्का कमी. चाचण्यांत अगदी तसंच दिसलं: ताप, अंगदुखी, पांढऱ्या पेशी घटणं, हे सगळं अल्फापेक्षा कमी. पण तोवर थेट विषाणूवर जाणाऱ्या गोळ्या आल्या आणि सी साठी त्याची गरजच उरली नाही.

पुढे हिपॅटायटिस डी साठी (हा बी असलेल्यांनाच होतो) लॅम्डाची मोठी चाचणी सुरू झाली होती. काही रुग्णांचं यकृत ढासळू लागल्यामुळे ती २०२३ मध्ये थांबवावी लागली. रिसेप्टर मोजक्या अवयवांत आहे म्हणून औषध त्या अवयवाला सुरक्षित असेलच, असं नाही. सिऱ्होसिसच्या (यकृतात व्रण साचून ते कडक होण्याच्या) काठावरच्या यकृताला तर मुळीच नाही.

---

धुकं

मला हिपॅटायटिस बी आहे. पेग-इंटरफेरॉन की रोजची गोळी, असा पर्याय पुढं ठेवलाय. तुमचा लेख वाचून वाटलं, आधी यकृतातले रिसेप्टर तपासून घ्यावेत का? अशी तपासणी मिळते का?

---

सप्तपर्णी

धुकं, रिसेप्टर मोजून उपचार ठरवावा अशी कोणतीही मान्य तपासणी नाही, आणि त्यासाठी बायॉप्सी करून घेऊ नका. बी चं गणित सी पेक्षा बरंच वेगळं आहे. बी चा विषाणू यकृतात फार गाजावाजा न करता राहतो. सी सारखी इंटरफेरॉन-जनुकं तो सहसा पेटवत नाही, त्यामुळे वरची 'आधीच चालू' असलेली कथा तुम्हाला जशीच्या तशी लागू होत नाही.

पेग-इंटरफेरॉनचा उपयोग होईल का याचा अंदाज आम्ही साध्या गोष्टींवरून बांधतो. एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं असणं, व्हायरल लोड फार जास्त नसणं, जीनोटाइप (ए मध्ये प्रतिसाद चांगला, डी मध्ये कमी). आणि उपचार सुरू झाल्यावर बाराव्या आठवड्याला एचबीएस प्रतिजनाचं (विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाचं) रक्तातलं प्रमाण मोजायचं. जीनोटाइप बी किंवा सी असून ते २०,००० आययू/मिली च्या वर राहिलं, किंवा जीनोटाइप डी असून अजिबात उतरलं नाही, तर पुढचे महिने त्रास काढण्यात अर्थ नसतो. रिसेप्टरपासून जनुकांपर्यंत जे काही व्हायचं ते झालं की नाही, याचा निकाल रक्तातल्या त्या एका आकड्यात उतरतो.

टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर घेतलंत तर प्रश्नच वेगळा. ती थेट विषाणूच्या पॉलिमरेजवर जातात, पेशीकडून कसल्या प्रतिसादाची अपेक्षा नाही. त्यामुळे व्हायरल लोड जवळजवळ सगळ्यांचा उतरतो. पण यकृतपेशीच्या केंद्रकात विषाणूचं गोल डीएनए (सीसीसीडीएनए) शिल्लक राहतं, म्हणून बहुतेकांना गोळी वर्षानुवर्षं लागते. ती आपल्या मनानं बंद करू नका. अचानक बंद केल्यावर विषाणू उसळून यकृत धोक्यात आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

सिऱ्होसिसमध्ये यकृत डळमळीत झालं असेल तर इंटरफेरॉन अजिबात नाही. गरोदरपणात किंवा पूर्वी तीव्र नैराश्य येऊन गेलं असेल तरीही नाही. यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

---

जुईची वेल

सी चा विषाणू पेशीत शिरायला जे रिसेप्टर वापरतो त्यांचं काय? सीडी८१ वगैरे. ते जास्त असले तर उपचार कमी लागू पडतो का?

---

अनुस्वार

जुई, चांगला फरक पुढे आणलास. 'यकृतातले रिसेप्टर' म्हणताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात: औषधाचा संदेश घेणारे आणि विषाणूला आत घेणारे. सी ला आत शिरायला सीडी८१, एसआर-बी१, क्लॉडिन-१ आणि ऑक्लुडिन असे किमान चार लागतात. १९९८ ते २००९ या काळात ते एकेक करून सापडले. त्यांना अडवणारी औषधं करायचे प्रयत्न झाले, पण विषाणू आधीच आत असलेल्या पेशींवर त्याचा परिणाम होत नाही, आणि गोळ्यांच्या यशापुढे तो मार्ग मागे पडला. उपचाराचं यश त्यांच्या प्रमाणावरून ठरवता येत नाही.

बी आणि डी मध्ये मात्र प्रवेशाचा रिसेप्टर हेच आज उपचाराचं ठिकाण झालं आहे, आणि मला या विषयातलं सर्वांत आशादायक काम तेच वाटतं. बी चा विषाणू १९६० च्या दशकापासून माहीत, पण तो यकृतपेशीत शिरतो कसा हे २०१२ पर्यंत कळलं नव्हतं. बीजिंगमधल्या वेनहुई ली यांच्या गटानं तुपाया या खारीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या यकृतपेशी वापरून ते शोधलं. रिसेप्टर निघाला एनटीसीपी. त्याचं रोजचं काम रक्तातले पित्ताम्ल यकृतात ओढून घेणं. विषाणूच्या आवरणाचा प्रीएस१ हा भाग त्याला चिकटतो. प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या हेपजी२ पेशींना बी चा संसर्ग का होत नव्हता, तेही उलगडलं: त्यांच्यात एनटीसीपी जवळजवळ नव्हताच. तो घातल्यावर संसर्ग होऊ लागला.

डी चा विषाणू बी चंच आवरण पांघरतो, म्हणून त्याचाही मार्ग हाच. प्रीएस१ च्या त्या भागाची ४७ अमिनो आम्लांची नक्कल म्हणजे बुलेव्हिर्टाइड. ते एनटीसीपीवर आधीच जाऊन बसतं. युरोपात २०२० मध्ये सशर्त आणि २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ४८ आठवड्यांच्या चाचणीत रोज २ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के रुग्णांत विषाणूचा आरएनए पुरेसा उतरून एएलटीही सामान्य झालं. औषध न घेणाऱ्यांत हे प्रमाण २ टक्के. एनटीसीपी अडल्यामुळे रक्तातले पित्ताम्ल वाढतात, पण बहुतेकांना त्याचा त्रास जाणवत नाही.

---

कुतूहल

म्हणजे एखाद्याचा एनटीसीपी जन्मतःच वेगळा असेल तर त्याला बी होणारच नाही?

---

सप्तपर्णी

'होणारच नाही' असं नाही म्हणता येत, पण दिशा बरोबर आहे. पूर्व आशियात एस२६७एफ नावाचा फरक बऱ्यापैकी आढळतो. तो असणाऱ्यांत जुनाट हिपॅटायटिस बी चं प्रमाण कमी दिसतं. फरक दोन्ही प्रतींत असला तर संरक्षण जास्त, पण तशा काहींनाही संसर्ग झालेला आढळला आहे. त्यामुळे जनुकाच्या भरवशावर लस टाळायची नाही. जगात २०२२ मध्ये सुमारे २५.४ कोटी लोक जुनाट बी घेऊन जगत होते असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लस १९८० च्या दशकापासून उपलब्ध असताना!

धुकं, तुमची डी ची तपासणी झाली आहे का? बी असलेल्या प्रत्येकाची एकदा तरी अँटी-एचडीव्ही (डी साठीची अँटिबॉडी तपासणी) व्हायला हवी. बऱ्याचदा ती राहून जाते, आणि डी असेल तर आजाराचा वेग आणि उपचार दोन्ही बदलतात.

---

धुकं

नाही झालेली. पुढच्या भेटीत विचारते. आणि रिसेप्टरसाठी बायॉप्सी करायची नाही हे कळलं, एक मोठी काळजी मिटली. डॉक्टर, अनुस्वार ताई, दोघींचे आभार.

---

रानवारा

भावाला सगळा धागा वाचून दाखवला. "औषध शरीरभर आपलं काम करत होतं" हे वाक्य त्यानं दोनदा वाचायला लावलं. तपासणीला आला. आरएनए पॉझिटिव्ह, हिपॅटायटिस बी निगेटिव्ह. यकृतात सिऱ्होसिस आहे पण अजून तग धरून आहे, असं डॉक्टर म्हणाले. सोफोसबुव्हिर-वेल्पाटासव्हिर १२ आठवडे सुरू होतंय. गोळ्या संपल्यावर लगेच कळतं का बरा झाला ते? आणि त्यानंतर तपासण्या बंद?

---

सप्तपर्णी

फार बरं वाटलं वाचून. शेवटची गोळी घेतल्यावर १२ आठवडे थांबून आरएनए करायचा. तेव्हा विषाणू सापडला नाही तर तो बरा झाला असं धरतात, त्यानंतर उलटण्याचं प्रमाण अगदी कमी आहे. अँटिबॉडीची तपासणी मात्र पुढेही पॉझिटिव्हच येत राहील, ती विषाणू असल्याची खूण नव्हे. कुठे रक्त तपासताना कुणी त्यावरून घाबरवलं तर आरएनएचा अहवाल दाखवायचा. त्या अँटिबॉडीमुळे संरक्षण मिळत नाही, संसर्ग पुन्हा होऊ शकतो, तेव्हा सुया आणि रेझर याबाबतची काळजी कायम.

तपासण्या बंद नाहीत. सिऱ्होसिस असल्यामुळे विषाणू गेल्यावरही यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, संपत नाही. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, आणि सोबत रक्तातली एएफपी (यकृताच्या कर्करोगात वाढू शकणाऱ्या प्रथिनाची तपासणी). बी ची लस झाली नसेल तर तीही याच काळात देऊन टाका.